गावकऱ्यांचा नेम, राजाचा कागद : तिसवाडी १५२६

तिसवाडीकर (धागाकर्ता)

दरवर्षी २१ ऑगस्टला गोव्यातल्या तिसवाडीच्या ताळगावात कणसाचं फेस्त असतं. गावकरी शेतात जमतात, पाद्री पहिली जुडी आशीर्वादतो, बँड वाजतो आणि ती जुडी मिरवत नेतात. लहानपणापासून मी हे बघत आलोय. आमच्या घरात याला फक्त 'सण' म्हणायचे. कॉलेज संपल्यावर कधीतरी एका सरांनी सांगितलं की हा सण कायद्यात लिहिलेला आहे आणि तो कायदा जवळजवळ पाचशे वर्षं जुना आहे. तेव्हापासून तो कागद माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आज वेळ काढून लिहितोय.

कागदाचं नाव फोराल, म्हणजे राजाच्या नावाने दिलेली सनद, तारीख १६ सप्टेंबर १५२६. तो काढला अफोन्सो मेशिया याने. गोव्याचा 'वेदोर दा फाझेंदा', म्हणजे राजाच्या तिजोरीचा आणि वसुलाचा मुख्य अधिकारी. ही गोष्ट लक्षात ठेवा. हा कागद एखाद्या न्यायाधीशाने केलेला नाही, वसुली करणाऱ्याने केलाय.

पार्श्वभूमी थोडक्यात. २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनानी अल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचं घेतलं. त्याच्याकडे जहाजं होती, तोफा होत्या, पण भाताच्या खाजनाला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताला) किती पाणी लागतं, बांध कोणी राखायचा, कुठल्या गावाचा वसूल कोण आणून देतो, यातलं काहीही सांगू शकेल असा एकही माणूस त्याच्याजवळ नव्हता. म्हणून सुरुवातीला त्याने होनावरच्या तिमोजाला मुख्य ठाणेदार केलं. अधिकाऱ्याचं 'ठाणेदार' हे नावसुद्धा आधीचंच, फक्त पोर्तुगीज तोंडात ते 'तानादार' झालं.

खाली गावात होती गावकरी, म्हणजे गावकारांची सभा. गावची जमीन सामाईक, मूळ घराण्यांचे गावकार एकत्र बसायचे, शेतं पावणीला (लिलावाला) लावायची, बांधाचा खर्च काढायचा, देवाचा, कुंभाराचा, लोहाराचा वाटा द्यायचा, सरकारचा वसूल भरायचा आणि उरलेलं जोण म्हणून वाटून घ्यायचं. निर्णय एकमताने व्हायचा. त्या निर्णयाला म्हणायचे 'नेम'. पोर्तुगीज कागदात हाच शब्द 'नेमो' म्हणून येतो. आपला रोजचा शब्द लिस्बनच्या राजाच्या दफ्तरात जाऊन बसला, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

मेशियाने ही पद्धत मोडली नाही. त्याने ती विचारून घेतली आणि लिहून काढली. कागदाची सुरुवात गावांच्या उगमकथेने होते: फार पूर्वी चार माणसं एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन कसायला घेतली, वस्ती वाढली, आणि त्यांनी कारभार चांगला चालवला म्हणून त्यांना गावकार म्हणू लागले. मग कलमं येतात. आठ मुख्य गावांचा मान. बैठकीला गावचा लिहिणारा हजर हवाच. गाव वसूल भरू शकलं नाही तर तूट कशी भरून काढायची. आणि ताळगाव. ताळगावच्या गावकारांना भातकापणीचा पहिला मान, त्यांनी कणसांची जुडी आणून मुख्य चर्चच्या वेदीवर ठेवायची, आणि राजाच्या खर्चाने त्यांच्या गळ्यात पाचोड्या घालायच्या.

ही पाचोडी बघा. आपल्याकडे मानकऱ्याला देवळात शेला-पागोटं मिळतं, तोच हा मान. तो देवापुढे होता, तो वेदीपुढे नेला. पूर्वी पाचोडी गाव देत असेल किंवा देऊळ, आता ती फेतोर, म्हणजे राजाचा वखारदार देतो, राजाच्या पैशातून. मानकरी तोच, भात तेच, पण मान आता वरून येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. मूठभर लोकांनी समुद्रापलीकडून येऊन राज्य केलं ते फक्त तोफेने नाही. लोकांचीच रीत लिहून घेतली आणि खाली राजाचं नाव घातलं. त्या दिवसापासून गावकार आपल्या हक्काने बसत नाहीत, राजाने दिलेल्या हक्काने बसतात. आणि जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. यावर तुम्हा सगळ्यांचं मत हवंय.

देशावरचा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पण एक हरकत आहे. वसूल आदिलशाहीतही जात होताच ना? त्याआधी विजयनगर, त्याआधी कदंब. घोडेवराड नावाची जी पट्टी होती ती तर आधीच्या अमलातली, पोर्तुगीजांनी नुसती पुढे चालू ठेवली. मग १५२६ मध्ये नेमकं काय बदललं? वरचा धनी बदलला, खालचं सगळं तसंच, असं का म्हणू नये?

आणि रीत लिहून ठेवणं आपल्याकडेही होतं. माझ्या पणजोबांच्या पेटीत एक महजर होता. पाटीलकीच्या तंट्याचा. गोतसभा बसली, साक्षी झाल्या, शेवटी कुणब्यांच्या नावापुढे नांगर काढलेला, इतरांची आपापल्या धंद्याची निशाणी. तोही कायदाच की.

तिसवाडीकर

देशावरचा, फार नेमका प्रश्न आहे आणि तुमच्या महजरातच त्याचं उत्तर आहे असं मला वाटतं.

महजर एका तंट्याचा असतो. भांडण झालं, गोत बसलं, निवाडा झाला, आणि त्यावर नांगर ज्यांनी काढला त्यांचं ते म्हणणं. उद्या दुसरं भांडण झालं तर पुन्हा गोत बसेल, पुन्हा लोक आठवतील, कदाचित वेगळं आठवतील. फोराल सगळ्या गावांचा, एकदाच आणि कायमचा. १५२६ ला मेशियाला ज्यांनी सांगितलं त्यांची आठवण तेवढी खरी ठरली. शेवटी नांगर नाही, राजाची मोहोर.

वसुलाबाबतही तसंच. आदिलशाहीला गावातून पैसा हवा होता. गावकारांचा मान पहिला की दुसरा, विडा कोणाला आधी, कणसं कोण आधी कापणार, यात विजापूरला लक्ष घालायचं कारण नव्हतं. मेशियाने तेही लिहिलं.

कोंकणी माणूस

ताळगावचंच बोललात म्हणून लिहितोय. आम्ही किरिस्तांव. माझे आजोबा कोमुनिदादच्या (गावकरीचं पोर्तुगीज नाव) बैठकीला जायचे ते न चुकता कोट घालून. जोण अगदी नावापुरतं मिळायचं. पण ते घ्यायला ते स्वतः जायचे, दुसऱ्याला पाठवायचे नाहीत. म्हणायचे, पैसे नाही आणत रे, नाव वाचून घ्यायला जातो. क्लार्क मोठ्याने नाव वाचतो ना, ते ऐकायला.

तुम्ही म्हणता मान राजाकडे गेला. मला उलटं वाटतं. कागदावर चढलं म्हणून टिकलं. गोव्यातल्या साष्टीत, बार्देशात, तिसवाडीत धर्म बदलला, भाषेवर बंदी आली, देवळं गेली. गावकरी राहिली. आजही कोमुनिदाद आहे, तिचा १९६१ चा कोड आहे, तो पोर्तुगीज अमलाच्या अगदी शेवटच्या वर्षातला. पाचशे वर्षं टिकलेल्या गोष्टीला नुसतं हिसकावणं म्हणू नये.

तिसवाडीकर

कोंकणी माणूस, तुमच्या आजोबांचं वाचून गळा भरून आला. कागदामुळे टिकलं हे मी नाकारत नाही. माझंही घराणं त्याच कागदावर उभं आहे. पण टिकलं कोणत्या किमतीवर, ते सांगायला हवं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली १५४१ ची. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली. देवळं गेली, पण देवळांच्या जमिनी होत्या. देवाच्या पुजेसाठी, वाजंत्र्यासाठी, भाविणीसाठी, लोहार-सुतारासाठी वेगळ्या राखलेल्या, त्यांना नमशीं म्हणत. या जमिनींचं उत्पन्न राजाने सरळ उचललं असतं तर अडवणारं कोणी नव्हतं. तसं केलं नाही. वसुलाच्या अधिकाऱ्याने गावकारांना बोलावलं आणि ते उत्पन्न ख्रिस्ती प्रार्थनास्थळांना द्यायला आम्ही राजी आहोत असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. ज्यांचे देव आदल्या वर्षी फोडले त्यांच्याच तोंडून हो म्हणवलं. गावची संमती असल्याशिवाय गावची जमीन वळवता येत नाही, हा गावकरीचा मूळ नियम त्यांनी पाळला. अक्षरशः पाळला. मला तलवारीपेक्षा हे जास्त लागतं.

दुसरी वारशाची. रिवाजात मुलीला वाटा नव्हता. पुरुष वारस नसलेल्याची मिळकत राजाकडे जायची. फोरालने ही रीत लिहून ठेवली. मग १५५० च्या दशकाच्या अखेरीस कायदा आला की जी बायको, जी मुलगी ख्रिस्ती होईल तिला वारसा मिळेल. बापामागे घर वाचवायचं असेल तर दार एकच उघडं. त्याच सुमारास बाप गेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती संस्थेत वाढवण्याचा हुकूम झाला. १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं. पण त्याआधीच वारसाहक्काचं कलम घराघरात शिरलं होतं.

समईची वात

बाई म्हणून एक विचारते. मुलीला वाटा नाही ही रीत आपलीच होती ना? ती वाईटच होती. परक्याने स्वार्थासाठी का होईना ती वाकवली. त्या काळातल्या एखाद्या विधवेने, जिला दीर घरातून काढत होते, हा कायदा ऐकल्यावर काय केलं असेल? तिला आपण धर्म सोडणारी म्हणायचं की हक्क घेणारी? मला उत्तर नाही सुचत, पण तिचा विचार या धाग्यात व्हायला हवा असं मनापासून वाटतं.

तिसवाडीकर

ताई, हा विचार माझ्या लिहिण्यात नव्हता. तुमचं बरोबर आहे. ती विधवा ज्या रितीने घराबाहेर पडत होती ती रीत लिहून देणारे गावकार होते, आणि सांगायला बसलेले सगळे पुरुष होते. मेशियाने तिला विचारलं नाही हे खरं, पण गावानेही तिला कधी बैठकीत बसवलं नव्हतं.

कुंकळ्ळीचो

साष्टीतली आमची कुंकळ्ळी राहिली. ती नसेल तर हा धागा अर्धा.

साष्टी आणि बार्देश पोर्तुगीजांकडे १५४३ ला आले. कुंकळ्ळीच्या गावकारांनी देवळं पाडण्याला विरोध केला, वसूल अडवला. १५ जुलै १५८३ ला गावात क्रूस आणि चर्चसाठी जागा बघायला आलेल्या पाच जेझुइट पंथीय धर्मप्रचारकांना आणि त्यांच्या बरोबरच्या काहींना मारलं. मग काय झालं? गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावलं आणि तिथे मारलं. एकजण पाण्यात उडी घेऊन सुटला असं आमच्याकडे सांगतात. त्यानंतर गावकरीच काढून घेतली. गाव जप्त करून एका पोर्तुगीज घराण्याला जहागीर दिला. ज्या शेतांवर आमची नावं होती तिथे आम्ही कुळं झालो. पुढची पावणेचारशे वर्षं.

जो देतो तो काढून घेतो, हे तुमचं वाक्य आमच्या गावाने भोगलंय. खटला नाही, साक्ष नाही, नेम नाही. शेजारच्या गावांची गावकरी चालूच होती, फक्त आमची नाही. आता गावात त्या गावकारांचं स्मारक आहे. येणं झालं तर बघून जा.

गिरगावकर

धागा गोव्याचा आहे, पण मुंबईचं थोडं लिहू का? कारण दोन्ही एकमेकांना चिकटलेले आहेत.

इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांचा २३ जून १६६१ चा विवाहकरार सगळ्यांना माहीत आहे, मुंबई आंदण गेली. गोव्याचा व्हाइसरॉय ती द्यायला तयार नव्हता, ताबा मिळायला १६६५ उजाडलं. २७ मार्च १६६८ ला इंग्लंडच्या राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड सोन्यात. त्या सनदेत मुंबई कुठली आहे असं लिहिलंय ते ऐका: केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच या जहागिरीचा भाग म्हणून. माहीमचे कोळी, माझगावच्या वाड्या, परळची भातशेती, हे सगळं कायद्याने लंडनशेजारच्या एका गावठाणात. कारण इंग्लंडच्या कायद्यात जमीन कुठल्यातरी ओळखीच्या नमुन्यात बसवल्याशिवाय देता येत नव्हती. तिसवाडीत आपली रीत लिहून घेतली, मुंबईत त्यांची रीत आपल्या जमिनीवर घातली.

पण माणसं तर इथलीच होती. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याला दोन कामं करावी लागली. एक, पोर्तुगीज अमलात ज्यांच्याकडे जमिनी होत्या त्यांच्याशी १६७२ ला करार: सगळ्यांनी मिळून वर्षाला वीस हजार अशर्फी भरायच्या, आणि कंपनीने त्यांच्या हक्काला हात लावायचा नाही. दुसरं, १ ऑगस्ट १६७२ पासून पोर्तुगीज कायदा बंद करून ८ ऑगस्टला नवं न्यायालय उघडलं. जॉर्ज विलकॉक्स न्यायाधीश. त्या दिवशी मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढे हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी, दोन-दोनच्या रांगेत. मागे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांचे प्रतिनिधी. माझं आजोळ भंडारी. त्या पन्नासांतलं एकाचंही नाव मला कधी मिळालं नाही.

इन्क्विझिशनमुळे मुंबईला एक फायदा झाला. १६७७ ला पोर्तुगीजांच्या दीवचा निमा पारख नावाचा व्यापारी मुंबईत यायच्या आधी कंपनीकडून अटी लिहून घेतो: आपला धर्म आपल्या घरात निर्वेधपणे पाळता यावा, वाड्यात दुसऱ्या कोणी येऊन घर करू नये, पहाऱ्याची सक्ती नसावी. व्यापारी माणूस कायदे तोलून बघत होता, कुठे राहावं ते ठरवत होता. कंपनीला माणसं हवी होती म्हणून तिने लिहून दिलं.

देशावरचा

गिरगावकर, मग मुंबईतला न्याय बरा होता म्हणायचं?

गिरगावकर

बरा म्हणवत नाही. रामा कामती आठवा. शेणवी, कंपनीच्या सैन्यभरतीतला मोठा माणूस. १७१५ ला त्याने वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा बांधलं. इंग्रजांच्या चर्चलाही त्याने पैसे दिले. १७२० ला कान्होजी आंग्र्यांशी संगनमताचा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालला, मालमत्ता जप्त, कैद. तो कैदेतच गेला. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट होती असं मागाहून दिसून आलं. न्यायाधीश तेच, फिर्यादी तेच, आणि जप्तीचा पैसा जाणार तोही त्यांच्याच तिजोरीत. मी वाळकेश्वरला गेलो की बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसून त्याचीच आठवण काढतो.

अष्टागरातला

आंग्र्यांचं नाव निघालं म्हणून समुद्रावरचा कायदा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात एक पद्धत बसवली: अरबी समुद्रात जायचं तर त्यांचा परवाना घ्या, नाव 'कार्ताझ'. नसेल तर जहाज धरणार, माल जप्त. याला आधार काय? १४५५ आणि १४९३ ची पोपची फर्मानं आणि १४९४ चा तोर्देसिल्यासचा करार, ज्यात स्पेन-पोर्तुगालने पृथ्वी वाटून घेतली. ज्या समुद्रात हजार वर्षं गुजराती, अरब, मलबारी जहाजं मोकळी फिरत होती तिथे एकदम सगळे गुन्हेगार झाले.

पुढे डचांनी १६०३ ला सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज लुटलं आणि त्या लुटीच्या समर्थनासाठी डच कायदेपंडित ग्रोशियसने समुद्र सर्वांचा असतो असा युक्तिवाद लिहिला. १६०९ ला तो छापला गेला. आज आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया म्हणून तो शिकवतात. एका लुटीच्या खटल्यातून आलेला आहे.

कान्होजींनी दस्तक सुरू केलं तेव्हा ते हाच नियम त्यांनाच लावत होते: कोकणच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचा परवाना घ्या. कागद तसाच, समुद्र तोच. इंग्रजांनी त्यांना समुद्री चाचा म्हटलं. आमच्या शाळेच्या पुस्तकातही काही वर्षांपूर्वीपर्यंत तो शब्द होता, याचा राग अजून जात नाही.

समईची वात

स्पेनचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. १५१३ पासून त्यांच्याकडे एक जाहीरनामा होता, रेकेरिमियेंतो. अमेरिकेत उतरलं की हल्ल्याआधी तो मोठ्याने वाचायचा: पोपने ही भूमी आमच्या राजाला दिली आहे, मान्य करा, नाहीतर होणाऱ्या मरणाचा दोष तुमचा. स्पॅनिशमध्ये. कधी रिकाम्या गावापुढे. पण त्याच देशात १५४२ ला मूळ लोकांना गुलाम करायला बंदी करणारे नवे कायदेही झाले. ते लागू करायला पेरूत गेलेला व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येस वेला १५४६ ला तिथल्याच स्पॅनिश जमीनदारांच्या बंडात मारला गेला. राजाचा कायदा आणि राजाची माणसं यांच्यात एवढं अंतर गोव्यात कधी पडलं होतं का?

तिसवाडीकर

एवढं मोठं बंड तिसवाडीत झालं नाही. कारण तिसवाडीची जमीन बहुतेक गावकरीच्या हातात राहिली. वसई-मुंबईकडे ती पोर्तुगीज सरदारांना वाटली गेली, मुंबई बेट काही काळ वैद्य गार्सिया द ऑर्टा याच्याकडे होतं. म्हणून गिरगावकरांनी सांगितलेला १६७२ चा करार व्यक्तींशी झाला, आणि तिसवाडीत कागद गावांशी. हा फरक मला आत्ता तुमच्यामुळे नीट उमगला.

कोंकणी माणूस, तुमचं एक अजून राहिलं. पणजीच्या पुराभिलेखात गावकऱ्यांची जुनी दफ्तरं आहेत. काही गोयकानडी या गोव्याच्या जुन्या लिपीत, काही मोडीत. बैठकीत पोर्तुगीज जाणणारा कोणी नसे त्या काळातली. ताळगावची कुठली उरली आहेत ते मी या महिन्यात विचारून येतो.

कोंकणी माणूस

जाताना मला फोन करा, मी येतो. मोडी वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांनाही घेऊ. मला आजोबांच्या आजोबांचं नाव माहीत आहे, त्याच्या आधीचं नाही. बाप्तिस्म्याआधीचं नाव काय असेल ते त्या पानांत सापडलं तर बघायचंय.

देशावरचा

मी मोडी वाचतो. गोयकानडी येत नाही. तारीख कळवा, पुण्याहून निघेन.